भावांचा आलेख : कागदावरचा आणि पडद्यावरचा

दुपारी साडेतीन वाजता राष्ट्रीय शेअर बाजारातील नियमित व्यवहार थांबतात आणि त्या दिवसाचे सारे भाव, कोणाला तारणारे आणि कोणाला बुडविणारे, एकदाचे दप्तरी दाखल होतात. ज्याने समभाग पाच-दहा वर्षे सांभाळण्याच्या हेतूने घेतले आहेत, त्याला या घटकेचे विशेष अगत्य नसते. मंगळवारी दुपारी काय भाव होता याची विचारपूस करण्याचे त्याला प्रयोजनच पडत नाही. परंतु सकाळी सव्वानऊनंतर घेतलेला माल बाजार मिटण्यापूर्वी विकून, अथवा आधी विकलेला माल त्याच दिवशी परत घेऊन जो हात मोकळे करतो, ज्याच्या उद्योगाला बाजाराच्या बोलीत ‘इंट्राडे करणे’ म्हणतात, त्याच्या कामाचा उत्तरार्ध खरे म्हणजे साडेतीननंतर सुरू होतो. आणि तो म्हणजे आपण आज काय केले, केव्हा केले आणि ज्या कारणासाठी केले ते कारण त्या वेळी खरोखर अस्तित्वात होते काय, याची तपासणी. ही तपासणी ज्या आलेखावर करावयाची तो छापून घेतलेला असावा की पडद्यावरचाच पुरे, हा प्रश्न प्रथमदर्शनी छपाईच्या खर्चाइतकाच लहान वाटतो. थोडे खोलात गेले म्हणजे असे दिसते की या दोन आलेखांत आकृती तीच असली तरी त्यांची साक्ष एक नसते.

ज्यांचा या आलेखांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील दिला पाहिजे. पाच मिनिटांच्या अवधीत एखाद्या मोठ्या कंपनीच्या समभागांचे शेकडो, पुष्कळदा हजारो सौदे होतात. त्यांतील पहिला, शेवटचा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा असे चारच भाव निवडून एका उभ्या आकृतीत मांडले की तिला कँडल म्हणतात; पहिल्या आणि शेवटच्या भावांमधील भाग जाड काढलेला असतो आणि त्याच्या वर-खाली निघालेल्या बारीक रेषा भाव कोठपर्यंत जाऊन परतला ते सांगतात. शेवटचा भाव पहिल्यापेक्षा वर असेल तर कँडल बहुधा हिरवी, खाली असेल तर तांबडी. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे ३७५ मिनिटे, अर्थात पाच मिनिटांच्या ७५ कँडल. आडव्या धरलेल्या ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. दोन्ही अंगांचा समास सोडला तर प्रत्येक कँडलच्या वाट्याला सुमारे साडेतीन मिलिमीटर जागा येते, आणि तेवढी डोळ्याला वाचावयास आणि पेन्सिलीला खूण करावयास पुरते. एका मिनिटाचा आलेख त्याच पानावर घ्यावा तर ३७५ आकृत्यांना पाऊण मिलिमीटरदेखील मिळत नाही आणि पानावर केवळ एक काळसर पट्टा उमटतो. छापण्याजोगा आलेख कोणता याचा निकाल असा निम्मा अंकगणितानेच लागतो, आणि मला वाटते, पूर्ण व्यापारदिवस एका नजरेत आणि एका पानावर मावणे हा पाच मिनिटांच्या आलेखाच्या लोकप्रियतेमागील एक दुर्लक्षित पण भक्कम आधार असावा.

जुन्या काळी कागदाला पर्यायच नव्हता. कँडलचे जनकत्व साकाता गावच्या मुनेहिसा होम्मा या अठराव्या शतकातील जपानी तांदूळ-व्यापाऱ्याकडे देण्याचा शिरस्ता आहे, आणि ओसाका येथील दोजिमाच्या तांदूळबाजाराला शोगुनांच्या राजवटीने १७३० मध्ये रीतसर मान्यता दिली हेही खरे. मात्र आज आपण पाहतो तीच आकृती होम्माने काढली होती असे मानण्यास सबळ पुरावा नाही, आणि पाश्चात्त्य व्यापाऱ्यांत तिचा प्रसार तर स्टीव्ह निसन यांच्या १९९१ मधील ग्रंथानंतरचा आहे. अमेरिकेचा विख्यात सटोडिया जेसी लिव्हरमोर याची गोष्ट अधिक बोधक आहे. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने आलेखांविषयी नावडच व्यक्त केली असून त्यांच्या जागी स्वहस्ते लिहिलेल्या भावांच्या नोंदवहीची एक पद्धत सविस्तर सांगितली आहे. या वहीत प्रत्येक समभागासाठी सहा रकाने असत. निश्चित झालेल्या तेजीचे भाव काळ्या शाईने, निश्चित झालेल्या मंदीचे तांबड्या शाईने, आणि ज्या हालचालींचा अद्याप निर्णय लागलेला नाही अशा साऱ्या नोंदी पेन्सिलीने. शाईने काय लिहावे आणि पेन्सिलीने काय, याचा हा विवेक मला त्या पद्धतीतील सर्व नियमांहून मोलाचा वाटतो, आणि पुढे त्याचा उपयोग करावयाचा आहे.

लिव्हरमोरनंतर आठच वर्षांनी, १९४८ मध्ये, रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि जॉन मॅगी यांचा आलेखशास्त्रावरील जो ग्रंथ निघाला तो अजूनही या विषयाचा मूळ ग्रंथ समजला जातो. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावी बसून काम करणाऱ्या या मॅगीने, बाहेरच्या उन्हापावसाचा आपल्या मनोवृत्तीवर परिणाम होऊ नये म्हणून कचेरीच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या होत्या असे सांगतात. त्या पिढीत, आणि तिच्यानंतरही कित्येक वर्षे, अमेरिकेतील वायदेबाजाराच्या आलेखांची छापील पुस्तके व्यापाऱ्यांना दर आठवड्याला टपालाने येत आणि पुढचे पुस्तक येईपर्यंतच्या दिवसांच्या रेषा ज्याने त्याने स्वतःच्या हाताने त्यांत भरावयाच्या, अशी वहिवाट होती. ज्या दिवशी भाव दुप्पट उसळला त्या दिवशी हातालाही दुप्पट लांब रेघ ओढावी लागे, आणि केवळ पाहण्याने जे मनावर उमटत नाही ते अशा वेळी उमटत असे.

मुंबईची हकीकत याहून निराळी आहे आणि ती ध्यानी घेतली नाही तर छापील आलेखाकडे उगाच वाडवडिलांचा वारसा म्हणून पाहण्याची चूक होते. १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात एकशे वीस वर्षे सौदे तोंडी, आरडाओरड्याने आणि हाताच्या खुणांनी होत. प्रत्येक पाच मिनिटांना भाव काय होता याची कालबद्ध नोंद बाहेरच्या माणसाच्या हाती पडणे अशक्य होते, आणि ज्याला आलेखाची हौस असेल त्याने दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील भाव पाहून आलेखवहीत दिवसाची एक रेघ ओढावी, इतकीच त्याची मजल. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू केले आणि पुढच्या मार्चमध्ये मुंबई शेअर बाजारानेही तोच मार्ग धरला. प्रत्येक सौद्याची वेळ आणि भाव यांची नोंद होऊ लागली ती तेव्हापासून. आपल्याकडील इंट्राडे व्यापाऱ्याचा छापील आलेख हा अशा रीतीने पडद्याच्या पोटीच जन्मलेला आहे. तेव्हा ‘जुने ते सोने’ या न्यायाने त्याचे समर्थन करता येत नाही. दुसरे कारण शोधावे लागते.

पडद्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते उघडच असल्यामुळे विस्तार नको. पाच मिनिटांच्या आलेखावरून पंधरा मिनिटांच्या किंवा दिवसाच्या आलेखावर क्षणार्धात जाता येते, तीन वर्षांपूर्वीचा एखादा दिवस शोधून काढता येतो, दोन समभाग शेजारी मांडता येतात. बहुतेक चांगल्या आलेख-प्रणालींत आता असेही करता येते की दिवसाचा पुढचा भाग झाकून ठेवावा आणि एकेक कँडल बोटाने पुढे सरकवीत जणू बाजार पुन्हा चालू आहे असा अभ्यास करावा. या शेवटच्या सोयीला कागदापाशी जोड नाही. फार तर पानावर जाड पुठ्ठा ठेवून तो डावीकडून उजवीकडे सरकविता येईल, आणि त्यातही पानाच्या वरच्या टोकाला किती मोकळी जागा राहिली आहे यावरून पुढे काय झाले याचा अंदाज डोळे चोरून घेतातच.

परंतु पडद्याचा एक स्वभाव असा आहे की त्याची जाणीव व्यापाऱ्याला सहसा होत नाही : पडदा आपली उभी मोजपट्टी आपणच ठरवितो. दिवसभरात राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी शंभरच अंकांच्या टप्प्यात घुटमळला असेल तर ते शंभर अंक पडद्याची सारी उंची व्यापून बसतात. आणि ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या निकालांच्या दिवशी, निफ्टी १,३७९ अंकांनी, म्हणजे जवळजवळ सहा टक्क्यांनी कोसळून २१,८८४ वर थांबला तेव्हा ती उलथापालथही नेमक्या तेवढ्याच उंचीत बसविली गेली. भावांचे आकडे उजव्या बाजूला छापलेले असतात हे खरे, पण दिवसभर टक लावून बसलेला माणूस आकडे वाचीत नाही, उतार वाचतो. आलेखांच्या दृष्टिबोधाचा अभ्यास करणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात हे दाखवून दिले होते की रेषांचे उतार पंचेचाळीस अंशांच्या आसपास असले म्हणजे त्यांची तुलना डोळ्याला सर्वांत अचूक करता येते, आणि म्हणून आलेखाची उंची व रुंदी यांचे प्रमाण बदलले की त्याच आकड्यांवरून होणारा बोधही बदलतो. मेलेल्या बाजारातील वीस अंकांची कुरकुर पडद्यावर पर्वताच्या कड्यासारखी दिसते आणि व्यापारी तिच्यावर चढावयास निघतो, याचे एक कारण त्याचा लोभ असेल, पण दुसरे कारण मोजपट्टी हे आहे.

कागदावर ही मोजपट्टी एकदा ठरवून कायम ठेवता येते. निफ्टीच्या पन्नास अंकांना एक सेंटिमीटर असा नियम केला तर शंभर अंकांचा सुस्त दिवस पानाच्या मधोमध दोन सेंटिमीटर उंचीत पडून राहतो आणि त्या दिवशी केलेल्या आठ-दहा सौद्यांच्या खुणा त्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकींवर चढलेल्या पाहिल्या की निराळ्या भाष्याची गरज उरत नाही. ४ जूनचा दिवस या मापाने एकवीस सेंटिमीटर उंचीच्या पानावर मावतच नाही, खाली दुसरे पान जोडावे लागते. आणि पान जोडावे लागणे हेच त्या दिवसाचे यथार्थ वर्णन आहे. पडद्यावरही मोजपट्टी बांधून टाकण्याची सोय असते, नाही असे नाही. पण ती बांधली की भाव पडद्याबाहेर निसटू लागतो, आणि पैसे अडकलेले असताना भाव नजरेआड होणे कोणाला सोसवणार? म्हणून ती सोय बहुधा वापराविना पडून असते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. पडद्यावरचा भूतकाळ बदलतो. रिलायन्स इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला; त्यापूर्वी तो समभाग अडीच हजारांच्या वर होता आणि नंतर त्याच्या निम्म्यावर आला. कोणाचे नुकसान झाले नाही, कारण एकाचे दोन समभाग झाले. पण आलेखात एकाएकी अर्ध्याने घसरण दिसू नये म्हणून बहुतेक प्रणाली मागचे सर्व भाव निम्मे करून टाकतात, आणि ते व्यवहारदृष्ट्या योग्यही आहे. परिणाम मात्र असा होतो की त्या सप्टेंबरमध्ये ज्याने दहा रुपयांवर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा तेथेच थांबविण्याची मर्यादा, लावून सौदा केला होता, त्याला आज पडद्यावर तीच हालचाल पाच रुपयांची दिसते, आणि त्याच्या वहीतील भाव आलेखावर कोठे सापडतच नाहीत. निर्देशांकाच्या वायद्यांतही एका महिन्याचा करार संपून दुसरा सुरू होताना जे सांधे येतात ते बेमालूम बुजविण्यासाठी अशीच दुरुस्ती मागील भावांत अनेकदा केलेली असते. सरासरीची रेषा वीस कँडलांची होती ती नंतर कधीतरी पन्नासची केली, तर जुन्या प्रत्येक दिवसावर नवीच रेषा उमटते आणि त्या रेषेला टेकून आपण तेव्हा खरेदी केली होती की नाही हे सांगावयास कोणी उरत नाही.

कधी पडदा काळच गिळून टाकतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू होऊन पाच वाजेपर्यंत चालले. चार तास व्यापारी अडकलेल्या मालासह हात चोळीत बसले होते. आज तो दिवस पडद्यावर काढून पाहिला तर सौदे न झालेल्या वेळेला जागाच द्यावयाची नाही या सर्वसामान्य नियमाप्रमाणे सकाळच्या कँडलला लागून दुपारची कँडल उभी दिसते, आणि मध्ये काय घडले याची आलेखाला वार्ताही नसते. त्या संध्याकाळी ज्याने आलेख छापून त्या दोन कँडलांमध्ये उभी रेघ मारून दोन ओळी लिहून ठेवल्या असतील, त्याच्याजवळ तो दिवस आहे. इतरांजवळ केवळ त्याचे भाव आहेत.

आपल्या पेढ्यांवरच्या रोजकीर्दीत चुकीची नोंद खोडावयाची नसते. तिच्याखाली उलट नोंद घालावयाची असते, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही दप्तरात राहतात. छापील आलेखाचे खरे सामर्थ्य मला या जातीचे वाटते. कागद डोळ्यांना सुखकर असतो, त्याला स्पर्श असतो, त्याने एकाग्रता साधते, ही कारणे खरी असतील वा नसतील. पण छापून, तारीख घालून, शाईने खुणा करून ठेवलेल्या पानात नंतर फेरफार करता येत नाही, आणि स्वतःच्या कृत्यांची कैफियत लिहिताना मखलाशी करण्याची माणसाची हौस लक्षात घेता ही अडचण फार मोलाची आहे. बाजार कसा चालतो हे तपासावयाचे असेल तर पडद्यासारखे साधन नाही. आपण कसे वागतो हे तपासावयाचे असेल तर कागद घ्यावा, असे माझे मत आहे.

मात्र या मताला लगेच एक मोठी मर्यादा घातली पाहिजे, कारण कागदही निरपराध नाही. छापलेल्या आलेखावर प्रत्येक कँडल पूर्ण झालेली असते. व्यापाऱ्याने ती तशी कधीच पाहिलेली नसते. समजा, दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झालेली कँडल दोन मिनिटांत सरळ खाली कोसळून लांबलचक तांबडी झाली. आदल्या कँडलचा तळ फुटला. व्यापाऱ्याने घाबरून १० वाजून ४२ मिनिटांनी घेतलेला माल विकून टाकला. उरलेल्या तीन मिनिटांत भाव परत फिरला आणि पावणेअकराला कँडल पूर्ण झाली तेव्हा ती खाली लांब बारीक रेषा असलेली, वरच्या टोकाला मिटलेली, खरेदीदारांच्या जोराचे लक्षण म्हणून पुस्तकांतून शिकवितात तशी देखणी आकृती होती. संध्याकाळी हाच मनुष्य छापील पान समोर घेऊन स्वतःला विचारतो की इतकी स्वच्छ तेजीची खूण दिसत असताना मी माल का विकला, आणि भित्रेपणाचा ठपका ठेवून मोकळा होतो. हा निवाडा अन्यायाचा आहे. ती खूण त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. उलटही घडते : दुपारी केवळ नशिबाने साधलेला सौदा संध्याकाळी पूर्ण झालेल्या आकृतींच्या उजेडात अत्यंत विचारपूर्वक केल्यासारखा दिसू लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्या कल्पित विचाराची पुनरावृत्ती केली जाते.

यावर उपाय आहे, पण तो आलेखात नसून दुसऱ्याच एका कागदात आहे. ब्रोकरकडून दिवसाअखेर ग्राहकाला जी कॉन्ट्रॅक्ट नोट येते तीत प्रत्येक सौद्याचा भाव आणि वेळ दिलेली असते. पुष्कळ लोक ती उघडूनही पाहत नाहीत. कर भरण्याच्या वेळी हिशेबनीस मागेल तेव्हा पाहू, असा त्यांचा खाक्या. वास्तविक छापील आलेखावर खुणा करावयाच्या त्या या पत्रावरून, स्मरणावरून नव्हे, आणि कँडलच्या डोक्यावर केवळ ‘घेतले’ किंवा ‘विकले’ असे न लिहिता मिनिटांसह वेळ आणि प्रत्यक्ष भाव लिहावा. १०.४२ हा आकडा दिसला की कँडल तेव्हा अर्धवट होती हे तपासणाऱ्याला कळते आणि मग त्या पाच मिनिटांपुरता एक मिनिटाचा आलेख पडद्यावर काढून शहानिशा करता येते. येथे लिव्हरमोरची शाई-पेन्सिल उपयोगी पडते. जे केले आणि जे त्या वेळी मनात होते, तेही शक्य तर सौदा चालू असतानाच चिठ्ठीवर टिपलेले, ते शाईने. संध्याकाळी सुचलेले शहाणपण पेन्सिलीने. दोन्हींची सरमिसळ झाली की तपासणीचे रूपांतर आत्मस्तुतीत किंवा आत्मनिंदेत होते, आणि दोन्हींनी हाती काही लागत नाही.

कागदावर वाचलेले अधिक चांगले समजते असे विद्वानांनी सिद्ध केले आहे, असा दाखला या चर्चेत हटकून दिला जातो, म्हणून त्याचाही जाब घेतला पाहिजे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित परीक्षणात ५४ अभ्यासांतील १,७०,००० हून अधिक वाचकांची माहिती तपासली गेली; कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन काहीसे सरस आढळले, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक अधिक ठळक होता. त्यापूर्वी २०११ मध्ये इस्राएलमधील दोन संशोधकांना असे आढळले होते की किती वेळ वाचावे हे ज्याचे त्याच्यावर सोपविले असता पडद्यावर वाचणारे कमी शिकले आणि आपण किती शिकलो याविषयीचा त्यांचा अंदाज मात्र वास्तवापेक्षा वरचढ होता. हे सारे प्रयोग मजकुराचे आहेत, भावांच्या आलेखांचे नव्हेत. एका क्षेत्रातील निष्कर्ष दुसऱ्या क्षेत्रात बिनशर्त नेणे योग्य होणार नाही. तरी पडदा पाहणाऱ्याला आपल्याला समजले आहे असे वाटण्याची घाई होते, एवढी सूचना व्यापाऱ्याने मनाशी ठेवावयास हरकत नाही.

प्रत्यक्ष छपाईविषयी दोन शब्द. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीचा आलेख लोकांना आवडतो. तो तसाच छापला तर शाईचा नाश होतो आणि वर लिहावयास जागा उरत नाही, म्हणून पार्श्वभूमी पांढरी करून घ्यावी. कृष्णधवल छपाईत हिरवी आणि तांबडी कँडल सारख्याच करड्या होऊन जातात. त्यासाठी चढती कँडल पोकळ आणि उतरती भरीव, ही जुनी रीत पत्करावी. वर्षात साधारण अडीचशे दिवस बाजार चालतो, म्हणजे पाचशे पानांचे एक रीम दोन वर्षे जाते. या धंद्यात एका चुकलेल्या सौद्यात जे जाते त्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

नगण्य म्हणावयाचे कारण असे की बाजाराची नियामक संस्था सेबी हिने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०२२-२३ या आर्थिक वर्षात रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सातांना तोटा झाला होता. आणि ज्यांनी वर्षात पाचशेहून अधिक सौदे केले त्यांच्यात हे प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेले होते. या व्यापाऱ्यांत तिशीच्या आतील तरुणांचा वाटा तोवर अठ्ठेचाळीस टक्के झाला होता. छापील आलेखाने ही स्थिती पालटेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि तसे सांगून शिकवणीवर्गांची जाहिरात करणाऱ्यांपासून वाचकाने दूर राहावे. पण अधिक सौदे आणि अधिक तोटा यांचा जो संबंध या आकड्यांत दिसतो तो एका व्यक्तीच्या बाबतीत कसा घडतो हे कागदावर फार स्पष्ट दिसते. ब्रोकरच्या पडद्यावर दिवसाअखेर एकच आकडा असतो, इतके आले किंवा इतके गेले. खुणा केलेल्या पानावर मात्र सकाळी दोन नीटनेटके सौदे, अकराच्या सुमारास एक तोटा, आणि त्यानंतर वीस मिनिटांत, भाव जागचा हलत नसताना, सूड घेतल्यासारख्या सहा खुणा, असा सगळा इतिहास स्थलकालासह उभा राहतो. अशी पाच-सात पाने शेजारी मांडली की त्या सहा खुणा कोणत्या प्रकारच्या तोट्यानंतर येतात हे पुसावे लागत नाही.

पाने शेजारी मांडणे, हा कागदाचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा फायदा. पडद्यावर एकामागून एक पाहिलेले दिवस स्मरणात पुसट होत जातात. जमिनीवर चार ओळींत मांडलेले वीस दिवस मात्र एकाच वेळी दिसतात, आणि पाने एकाच मापाची असली तर प्रत्येक पानावर साडेबारा वाजण्याची जागा तीच असते. अशी दोन-तीन महिन्यांची पाने कोणी मार्च ते एप्रिल आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर या संधिकाळांतून जाणारी घेतली तर त्याला एक प्रश्न सुचण्याजोगा आहे. युरोपातील घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे होतात, आपली होत नाहीत. त्यामुळे लंडनचा बाजार उन्हाळ्यात आपल्या साडेबारा वाजता उघडतो आणि हिवाळ्यात दीड वाजता. आपल्या बाजारातील दुपारची सुस्ती मोडण्याची वेळही त्याबरोबर तासाने सरकते काय? पानांवर तसे वाटले तरी पन्नास-साठ दिवसांच्या पुराव्यावर ते मानू नये, कारण जे शोधावयास आपण निघालो ते डोळा शोधून काढतोच. त्यासाठी आठ-दहा वर्षांच्या प्रत्येक पाच मिनिटांचे भाव घेऊन, उन्हाळा आणि हिवाळा वेगळे करून, कोणत्या वेळी भाव सरासरीने किती हलतो हे मोजावे लागेल, आणि ते काम कागदाचे नाही. त्यासाठी संगणकच उघडावा लागतो.